भंगारात जाणाऱ्या फ्रेमा

बीडच्या मोमीनपुऱ्यात किंवा बशीरगंजात जुनं घर पाडून नवा स्लॅब टाकायचं ठरलं की सगळ्यात आधी भिंतीवरच्या फ्रेमा उतरतात. मक्का आणि मदिना एकाच चौकटीत बसवलेली एक. अजमेरच्या दर्ग्याची एक. पंख असलेल्या बुराकाची एक, आणि एखाद्या घरात चंदेरी पंजाची. काच तडकलेली, मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. नव्या घरात त्या परत चढत नाहीत. तिथे टाइल्सवर छापलेली आयतल कुर्सी येते, नाहीतर नमाजच्या वेळा दाखवणारं डिजिटल घड्याळ. जुनी फ्रेम भंगारवाल्याच्या गाड्यावर जाते. तो लाकूड वेगळं करतो, काच वेगळी करतो आणि कागद तिथेच टाकून पुढे जातो.

या कागदाबद्दल मला बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट साफ करते, नाहीतर चर्चा दुसरीकडेच जाईल. ही चित्रं घरात लावा, त्यांना हार घाला, त्यांच्यापुढे उदबत्ती लावा, असं मी म्हणत नाही. तसवीर घरात असावी की नसावी यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत आणि ते मिटवायला मी कोणी मुफ्ती नाही. ज्यांना नको त्यांनी उतरवावी. माझा मुद्दा फक्त उतरवल्यानंतरचा आहे. आपण आपले कागद टाकून देतो, तेव्हा आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काढलेले, छापलेले आणि जपलेले कागद तेवढेच उरतात. मग नातवंडांना आपली ओळख त्याच कागदांतून होते.

ते दुसऱ्यांचे कागद कसे आहेत, ते पाहू.

आपल्या भागाचं सगळ्यात जवळचं जुनं छापील चित्र पाहायचं तर औरंगाबादकडे जावं लागतं. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले नावाचा अधिकारी होता. (हाच तो ग्रिंडले, ज्याच्या नावाची बँक पुढे आपल्या देशात अनेक वर्षं चालली.) १८२६ ते १८३० या काळात त्याने पश्चिम हिंदुस्थानातल्या दृश्यांचा रंगीत छापील संग्रह लंडनमध्ये काढला. त्यात दौलताबादचा किल्ला आहे आणि औरंगाबाद शहरही आहे. पण शहर कुठून दिसतं? औरंगजेबाच्या महालाच्या पडक्या अवशेषांतून. चित्राचं नावच तसं आहे. म्हणजे जिवंत, बाजार भरलेलं, पाणचक्क्यांचं, हिमरू विणणारं शहर लांब मागे, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी पडकी भिंत.

ही त्या काळच्या विलायती चित्रांची रीतच होती. पडका घुमट, त्यातून उगवलेलं पिंपळाचं झाड, कोपऱ्यात फेटेवाला एखादा माणूस बसलेला. विलायतेतल्या श्रीमंतांना असे अवशेष बघायला आवडत. त्यांनी आपल्या देशातले पडके मठही असेच चितारले होते. पण इथे त्या रीतीला आणखी एक अर्थ चिकटला: मुसलमान म्हणजे होऊन गेलेला राज्यकर्ता. त्याची कमान पडली, आता आम्ही आलो. विणकर, पिंजारी, अत्तार, बागवान, तांबोळी, म्हणजे कधीच राज्य न केलेला बहुसंख्य मुसलमान, त्या चित्रांत कोपऱ्यातली आकृती झाला. चित्राला माप कळावं म्हणून ठेवलेली.

ही प्रतिमा गेली असं वाटत असेल तर आजचं कोणतंही राजकीय भाषण ऐका. गावातला पंक्चरवाला आणि दिल्लीचा बादशाह यांना एकाच वाक्यात बसवलं जातं. बादशाहाचा हिशोब पंक्चरवाल्याकडे मागितला जातो.

आता त्या पडक्या कमानीशेजारी आपली खजाना विहीर ठेवा. निजामशाहीत, मुर्तजाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती १५८३ च्या सुमारास बांधली आणि कारागीर राजा भास्कर होता असं सांगतात. जमिनीखालून काढलेल्या नळांनी तिचं पाणी शेतांपर्यंत गेलं. शतकानुशतकं वापरात राहिलेली ही वास्तू आहे. विलायती चित्रकाराला तिचं काय करायचं? तिला घुमट नाही, मिनार नाही, पडझडीची शोभा नाही. जमिनीत उतरलेलं गोल बांधकाम आणि पाणी. पण बीडच्या मुसलमानाचं आणि बीडच्या हिंदूचं नातं दाखवायला यापेक्षा नेमकं चित्र कुठलं असेल? बांधायला सांगणारा एक, बांधणारा दुसरा, आणि पाणी पिणारं पीक कोणाचं हे विहिरीने कधी विचारलं नाही.

पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. जुन्या छापील चित्रांत हिंदुस्थानातले "धंदे" दाखवण्याची मोठी हौस होती. न्हावी, धोबी, गारुडी, पालखीचे भोई. त्या रांगेत मुसलमान म्हणून हमखास येणारा माणूस म्हणजे भिस्ती, पाठीवर मशक घेऊन वाकलेला. भिस्ती हा शब्द बिहिश्तवरून, म्हणजे जन्नतवरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा माणूस. चित्रकाराने मशक काढली, वाकलेली पाठ काढली, पण हा मान त्यात आला नाही. खाली इंग्रजीत नुसती जात लिहिली. आणि बीडचा विचार केला तर कातडी कमावणारे, छागला शिवणारे हात आणखीच अदृश्य. जुन्या गॅझेटियरमध्ये बीडच्या कातडी छागलांचं नाव आहे. दुष्काळी मुलखात प्रवाशाचा जीव त्या पिशवीवर असे. आज बीडच्या किती पोरांना छागल म्हणजे काय हे ठाऊक आहे?

तिथून मुंबईला जाऊ. मराठी मुलखातल्या शहरी जीवनाची जुनी चित्रं सगळ्यात जास्त मुंबईची आहेत, आणि आपल्याला शिकण्यासारखंही तिथेच सगळ्यात जास्त आहे.

विल्यम जॉन्सन हा मुंबईतला एक सुरुवातीचा छायाचित्रकार. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या "जाती-जमातीं"चे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. खोजा, मेमन, पारशी, ब्राह्मण, भाटिया अशा माणसांचे गट त्यात आहेत. मागे मुंबईची एखादी ओळखीची जागा, पुढे पोशाख केलेली माणसं. पाहताना वाटतं की फोटोवाल्याने त्यांना रस्त्यात गाठलं. खरं म्हणजे माणसांचे फोटो वेगळे काढलेले, जागांचे वेगळे, आणि मग कापून एकावर एक चिकटवलेले. त्यांच्या पायाखालची जमीन त्यांची नाहीच.

मित्रांनो, हे वाचून व्हॉट्सॲप आठवलं असेल तर बरोबर आठवलं. एका शहरातली गर्दी दुसऱ्या शहरातल्या मशिदीसमोर चिकटवून फिरवणं ही काही आजची कला नाही. फरक इतकाच की जॉन्सनला दंगल करायची नव्हती, त्याला नमुने विकायचे होते. पण सवय त्यातूनच पडली. आधी माणसाला त्याच्या जागेवरून उचलायचं, मग त्याच्या टोपीवरून, लुंगीवरून, दाढीवरून त्याचा प्रकार ठरवायचा, आणि मग आपल्याला हव्या त्या पार्श्वभूमीवर उभं करायचं.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जोडी दुसरीच आहे. १९१२ साली मुंबईत "बाय-वेज ऑफ बॉम्बे" नावाचं पुस्तक निघालं. लेखक एस. एम. एडवर्ड्स. चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधरांची. धुरंधर आपल्या कोल्हापूरचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि तिथेच आयुष्य घालवलेले. त्या काळातला मुंबईचा रस्ता, त्यावरची बायामाणसं त्यांच्याइतकी कोणी काढली नाहीत. त्यांची पोस्टकार्डं घरोघर पोचली. या पुस्तकात मुंबईच्या मोहरमवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, सिद्दींवर एक आहे, मुसलमान बायकांच्या गोष्टी आहेत. लेखक गल्लीबोळ ओळखतो, रात्रीच्या वेळी मोहल्ल्यात फिरलेला आहे हे कळतं.

फिरलेला असणारच. एडवर्ड्स १९०९ ते १९१६ मुंबईचा पोलिस कमिशनर होता. १९११ च्या मोहरममध्ये शहरात गोळीबार झाला. त्यानंतर १९१२ मध्ये त्याने मिरवणुकीचे नियम इतके आवळले की मुंबईची ताबुतांची ती प्रचंड मिरवणूक बंदच पडली. टोळ्या, ढोल, मोहल्ल्या-मोहल्ल्यांतली चढाओढ, सगळं. पुढे १९२३ मध्ये मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिताना त्याने हा कारभार शहराच्या भल्याचा म्हणून नोंदवला.

म्हणजे ज्या साली मोहरमचं सुंदर वर्णन छापून विकलं गेलं, त्याच साली तो मोहरम संपवला गेला, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून.

एडवर्ड्सला खलनायक ठरवण्याची मला घाई नाही. मोहल्ल्यांतली दादागिरी, वर्गणीची जबरदस्ती, मारामाऱ्या, या गोष्टी होत्या. तेव्हाच्या अनेक सुशिक्षित मुसलमानांनाही ती मिरवणूक नकोशी झाली होती. पण चित्र पाहताना एवढं लक्षात ठेवायला हवं की कधीकधी एखाद्या गोष्टीची रंगीत आठवण तिला बंद करणाराच करून ठेवतो. पुस्तक कपाटात राहतं आणि रस्ता मोकळा होतो.

पुण्याचीही गोष्ट जोडून सांगायला हवी, कारण ती मराठी माणसाच्या आठवणीतून जवळजवळ पुसली गेली आहे. १८९३ पर्यंत पुण्यातल्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने होते. स्वतःचे ताबूत बसवणारे होते, मिरवणुकीत नाचणारे होते, वाजवणारे होते. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर हवा बदलली. सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, १८९४ मध्ये हिंदूंना ताबुतांपासून लांब राहण्याचं आवाहन झालं आणि बहुतेकांनी ते पाळलं. आज गणेशोत्सवाच्या इतिहासाचे फोटो दरवर्षी छापून येतात, यावे. पण ज्या ढोलाच्या चामड्यावर आधी मोहरमची थाप पडत होती, त्याची आठवण कोणी काढत नाही.

मुंबईत जे १९१२ मध्ये संपलं, पुण्यात ज्यातून १८९४ मध्ये अर्धी माणसं निघून गेली, ते मराठवाड्यात टिकलं. निजामाच्या राज्यात आपण होतो, म्हणून त्या दोन्ही लाटा इथे उशिरा आणि अर्ध्या ताकदीने आल्या. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सवाऱ्या आजही बसतात. जिथे मुसलमानांची दोन-तीनच घरं आहेत, तिथे सवारी धरणारा मराठा किंवा धनगर असतो. आलाव्याभोवती सगळं गाव असतं. नवसाचे चोंगे, मलिदा, शरबत. अंगावर वाघाचे पट्टे ओढून घेतलेली पोरं. त्या सवारीवरचा पंजा म्हणजे पंजतन पाक, आणि त्याच पंजात हजरत अब्बासही आहेत, ज्यांचे हात करबलाच्या मैदानात तहानलेल्या लेकरांसाठी पाणी आणताना तोडले गेले. हिजरी ६१, म्हणजे इसवी सन ६८०. पाण्यासाठी रांग लावणाऱ्या मुलखात ही खूण का रुजली, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. माझी नानी पाण्याचा हंडा उतरवताना अब्बास अलमदारांचं नाव घ्यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पंजाचा अर्थ मात्र येत होता.

आता देशी छापखान्यांकडे वळते. इथे मामला जास्त नाजूक आहे.

पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा प्रेस सुरू झाला. मुंबईत १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो मळवलीला गेला. या छापखान्यांनी देव घरात आणले. त्याआधी गरिबाच्या घरात रंगीत चित्र कुठलं? ज्यांना देवळाच्या आत जाऊ देत नव्हते, त्यांच्याही झोपडीत लक्ष्मी-सरस्वती आल्या, ही छपाईची करामत. तिचं श्रेय द्यायला हवं.

पण याच यंत्रातून आणखी एक चित्र निघालं. चौऱ्यांशी देवता अंगात सामावलेली गाय. तिच्यासमोर तलवार उपसून धावून येणारा पशूच्या तोंडाचा राक्षस आणि त्याला अडवणारा एक माणूस. काही प्रतींत गायीचं दूध घेणाऱ्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक आहेत. राक्षसाला कोणाचं नाव दिलेलं नव्हतं, तो कलियुगातला मांसाहारी होता. पण गोरक्षणाच्या चळवळीच्या आणि दंगलींच्या त्या दिवसांत बघणाऱ्याने त्याला कोणत्या मोहल्ल्यातला समजायचं, हे सांगावं लागत नव्हतं. चित्र छापणारा म्हणू शकत होता की मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. आजही असंच म्हटलं जातं. नाव न घेता बोट दाखवण्याची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून कोर्टात टिकते.

मराठी घरांत दुसरं चित्र आलं ते अफजलखानाच्या वधाचं. २००९ च्या सप्टेंबरमध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून दंगल पेटली. जूनमध्ये, २०२३ साली, कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवर कोणाचं तरी चित्र ठेवलं म्हणून शहर बंद झालं आणि दगड उडाले. या दोन्ही वेळी आपल्या पोरांना मी एकच विचारत आले: ज्या माणसाचं चित्र तुम्ही स्टेटसला ठेवता, तो तुमचा कोण? तुमच्या खापर-खापर पणजोबाला त्याच्या दरबारात उभं तरी राहू दिलं असतं का? ज्यांनी आपल्याला बादशाहाचे वारस ठरवलं, त्यांचंच म्हणणं आपण बादशाहाचा फोटो लावून खरं करतो. ग्रिंडलेच्या चित्रातल्या कोपऱ्यातल्या माणसाने त्या पडक्या महालावर हक्क सांगावा, तसं.

आणि शिवाजी महाराजांच्या चित्राची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुसलमान मुला-मुलीला पाठ हवी. बऱ्याच काळापर्यंत महाराजांचं म्हणून एक चित्र पुस्तकांत, छापील तसबिरींत फिरत होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिलं की ते चित्र इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचं आहे. त्यांनी जुन्या डच कागदपत्रांबरोबरचं महाराजांचं समकालीन चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये पुण्यात ते लोकांपुढे आणलं. ही चूक बेंद्रेंनी दुरुस्त केली, ते त्यांचं मोठं काम. पण अशी चूक होऊच कशी शकली, याचा विचार करा. कारण सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये सरदाराचा जामा, पटका, पगडी, दाढी पाहून तो हिंदू की मुसलमान हे सांगता येत नव्हतं. पोशाखावरून माणूस ओळखता येतो, हे आपल्याला नंतर शिकवलं गेलं. दौलतखान महाराजांच्या आरमारात होता, काझी हैदर त्यांचा वकील होता. त्यांचं कॅलेंडर कोणी छापलेलं नाही. वाघनखांचं चित्र मात्र रिक्षाच्या मागेही असतं.

उरली ती आपली, भिंतीवरून उतरलेली चित्रं. ती कुठून आली?

त्यातली बरीच दिल्लीतून आली. चांदणी चौकातल्या हेमचंदर भार्गव यांच्या पेढीने मक्का-मदिना, दर्गे, बुराक, कुराणातल्या आयती अशी चित्रं वर्षानुवर्षं छापली. ब्रजवासी या पेढीचे मालक मथुरेकडचे, दुकान आधी कराचीत. त्यांच्याकडे मेरठचे हसन रझा राजा कृष्ण काढायचे, शंकर काढायचे, भारतमाता काढायचे. आणि आपल्या घरातल्या मदिनेच्या हिरव्या घुमटाखाली ज्याच्या पेढीचं नाव होतं, त्याच्या दुकानात शेजारच्या गठ्ठ्यात लक्ष्मी होती. एकाच यंत्रावरून, एकाच शाईतून. युसूफ सईद यांनी मुसलमानांच्या या भक्तिचित्रांवर २०१२ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना हा विषय पुढे न्यायचा आहे त्यांनी ते मिळवून वाचावं.

या चित्रांत काय काय आहे ते एकदा नीट बघा. मक्केच्या चित्राच्या कोपऱ्यात गुलाब आहेत, आणि ते गुलाब अरबस्तानातले नसून आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवरचे आहेत. कुराण रेहलवर आहे, शेजारी आपलीच उदबत्ती जळते आहे. दुआ मागणारी छोटी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसेल अशी आहे. बुराकाचं तर विचारूच नका. हदीसमध्ये ते पांढरं जनावर आहे, गाढवापेक्षा मोठं आणि खेचरापेक्षा लहान. बाईचा चेहरा, मुकुट, मोराची शेपटी हे सगळं चित्रकारांनी घातलं. आलिम लोक यावर नाराज असतात, आणि ते चुकीचं बोलत नाहीत. पण अकिद्याची चूक ही इतिहासाची नोंदही असू शकते. तो मुकुट सांगतो की आपल्या पणजीने ज्या जत्रेतून हे चित्र घेतलं, तिथे समोरच्याच दुकानात देवीची चित्रं टांगलेली होती. चित्रकाराने तिच्या डोळ्यांना सवयीचं होतं ते काढलं. बाहेरून कोणी विचारतं, तुम्ही इथले कधीपासून? त्याला उत्तर देणारा हा कागद आपण रद्दीत घालतो.

काही चित्रं तर छापलीच गेली नाहीत. मन्सूर शाहांचा दर्गा बीडमध्ये आहे. पानिपतातून वाचलेले आणि दिल्लीचा कारभार हातात घेतलेले महादजी शिंदे त्यांना गुरू मानत. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात आजही मन्सूर शाहांना मान आहे. महादजी पुण्यात असताना, १७९२ नंतर, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने त्यांचं चित्र काढलं. त्या पुढच्या सगळ्या चित्रांत महादजी म्हणजे पागोटं, मिशा आणि ढाल. बीडच्या फकिरापुढे बसलेला महादजी कोणाला काढावासा वाटला नाही. वाटलं असतं तर मराठी घरांत आणि मुसलमान घरांत तीच एक फ्रेम लागू शकली असती.

आता करायचं काय, तर फार मोठं काही नाही. तुमच्या घरात, मावशीकडे, अंबाजोगाईच्या चुलत्याकडे (जुने लोक अजून त्या गावाला मोमिनाबाद म्हणतात) फ्रेम उतरत असेल तर भंगारवाल्याच्या आधी तिथे पोचा. मागचा पुठ्ठा काढा. बहुतेक वेळा खाली कडेला छापखान्याचं नाव, शहर आणि चित्राचा नंबर असतो, आणि फ्रेम करणाऱ्याने नेमकी तीच कड दडपलेली असते. मोबाइलवर पूर्ण फोटो काढा, कड कापू नका, रंग वाढवू नका. मागच्या बाजूचाही काढा, कारण तिथे पेन्सिलने कोणाच्या तरी निकाहची तारीख असू शकते, किंवा १९४८ च्या आधीच्या एखाद्या उर्दू वर्तमानपत्राचं पान लावलेलं असू शकतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठून आणलं, कितीला आणलं, कुठल्या भिंतीवर होतं. तो काय सांगतो ते मराठीत लिहा आणि त्याने उर्दूत किंवा दखनीत सांगितलं तर तसंही लिहा. फक्त मजहबी चित्रं नकोत. लग्नपत्रिका, मुशायऱ्याची जाहिरात, बिडीच्या बंडलाचं लेबल, अत्तराच्या बाटलीवरची चिठ्ठी, सवारी धरलेल्या हिंदू पाटलाचा फोटो, सगळं.

मूळ कागद घरात ठेवायचा नसेल तर ट्रंकेत ठेवा, कॉलेजच्या ग्रंथालयात द्या, शेजाऱ्याला द्या. आणि हे पावसाळ्याच्या आधी करा. बीडमध्ये जुनी घरं पाडायला लोक उन्हाळ्यातच सुरुवात करतात.